गोड बोलणारा स्पीकर नको

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. ज्यांना गाणी ऐकून फक्त खूश व्हायचं आहे त्यांनी हवा तो स्पीकर घ्यावा, हवा तेवढा बेस वाढवावा. (शेजाऱ्यांचं तेवढं बघा म्हणजे झालं.) त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते आवाज रेकॉर्ड करून दुसऱ्यांना ऐकवणाऱ्यांशी.

अशी मंडळी आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव झाली आहेत. एक कॉम्प्युटर, एक माइक, दहा बाय दहाची खोली आणि दारावर 'स्टुडिओ' अशी पाटी. हरिपाठ, भारुडं, भीमगीतं, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी, 'गजानन विजय'चं पारायण... सकाळी तिथे रेकॉर्ड झालं की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्या मोबाईलवर हजर. मला या मुलांचं कौतुक आहे. आमच्या काळी आपला आवाज रेकॉर्ड व्हायचा म्हणजे आकाशवाणीचं नागपूर नाहीतर जळगाव केंद्र गाठावं लागे. आता मेहकर-लोणारकडचा पोरगा घरच्या घरी ते करतो. ही काही लहान गोष्ट नाही.

पण शब्द कळत नाहीत हो!

ढोलकी कळते. खालचं धम् धम् कळतं. इको तर एवढा की विहिरीत बसून म्हटल्यासारखं वाटतं. शब्द तेवढे कळत नाहीत. 'गजानन विजय' हा दासगणू महाराजांचा २१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ. ज्यांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, किंवा ज्यांना शाळेचं तोंडच पाहायला मिळालं नाही, अशा बायकांसाठी मोबाईलमधला आवाज हीच पोथी आहे. छापील पोथीत अक्षरं पुसट आली तर आपण प्रकाशकाला धारेवर धरू. आवाजाच्या पोथीला मात्र सगळं माफ! का म्हणून?

माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांचे असे स्टुडिओ आहेत. दोन्हीकडे जाऊन बसले, काम कसं चालतं ते पाहिलं. गाणारे बरे होते, माइकही बरे होते. घोळ होता तो टेबलावर. एकाकडे होम थिएटरचा संच, खाली भला मोठा सबवूफर. दुसऱ्याकडे लग्नाच्या वरातीत शोभतील असे दोन खोके. "हे कुणी सांगितले रे घ्यायला?" तर म्हणे दुकानदाराने. आता या दुकानदारांची परीक्षा मी स्वतः घेतलेली आहे. जिल्ह्यातल्याच एका दुकानात मी विचारलं, "बोललेला शब्द नीट कळेल असा लहान स्पीकर आहे का?" त्यावर उत्तर काय, तर "बाई, हा पाहा ना, खिडक्या हालतेत!" मी शब्दांचं विचारतेय आणि हा मला खिडक्या दाखवतोय.

मंडळी, स्टुडिओ मॉनिटर म्हणजे भारीतला स्पीकर नव्हे. त्याचं कामच वेगळं. घरातला स्पीकर पाहुण्यासारखा असतो, केलेल्या स्वयंपाकाला चांगलंच म्हणतो. मॉनिटर सासूसारखा असावा लागतो. मीठ जास्त पडलं तर तोंडावर सांगणारा. :) तो आवाजात स्वतःचं काही घालत नाही, काही लपवत नाही. निदान त्याने तसं वागावं अशी अपेक्षा असते.

इथे एक उलटा हिशोब आहे, तो या मुलांना कुणी समजावून सांगत नाही. स्पीकर जे वाढवून दाखवतो, ते रेकॉर्डिंगमध्ये कमी पडतं. स्पीकर जे लपवतो, ते रेकॉर्डिंगमध्ये जास्तीचं राहून जातं. म्हणजे बघा, चमकदार आवाजाच्या स्पीकरवर स, श, च, ट ही अक्षरं आपोआप खणखणीत वाजतात. मिक्सिंग करणाऱ्याला वाटतं, शब्द स्वच्छ आहेत, हात लावायला नको. तेच रेकॉर्डिंग दुसरीकडे वाजलं की मुळमुळीत! खालचा आवाज घुमवणाऱ्या स्पीकरवर इकोची शेपटं त्या घुमण्यात बुडून जातात. मग हा अजून थोडा इको टाकतो, मग अजून थोडा... गोड बोलणारा मित्र जसा आपलं नुकसान करतो, तसंच हे.

त्यात दुसरी एक गोष्ट. मिक्सिंग करणाऱ्याने ते गाणं पन्नासदा ऐकलेलं असतं. त्याला शब्द पाठ असतात. पाठ असलेला शब्द कान आपण होऊन भरून घेतो. ज्या पोराला कविता पाठ आहे त्याला तिच्यातली छापण्यातली चूक दिसत नाही, हे मी ३४ वर्षं वर्गात पाहिलं आहे. म्हणून त्याला तरी निष्ठुर स्पीकर हवाच.

"पण बाई, मोठा स्पीकर तो मोठाच ना?" हा प्रश्न मला दोघांनीही विचारला. मोठ्या खोलीत मोठा. दहा बाय दहाच्या खोलीत नाही. मी काही विज्ञानाची शिक्षिका नव्हे, पण हे गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या किंचित वर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज जाऊन परत येतो ते अंतर झालं सुमारे ६.१ मीटर. भागाकार करा, ५६ येतात. म्हणजे ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्जातला आवाज त्या खोलीत अडकतो. भिंतीला टेकून बसलात तर तो फुगलेला ऐकू येतो, बरोबर मध्ये बसलात तर जवळजवळ गायब. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असेल, तर तिन्ही दिशांनी तोच एक सूर माजतो. अशा खोलीत सबवूफर ठेवणं म्हणजे नाचता येईना म्हणून अंगण आणखी वाकडं करणं. तुम्ही जे ऐकता ते गाणं नसतंच, ती खोली असते.

म्हणून चार किंवा पाच इंची वूफरचे लहान मॉनिटर घ्यावेत आणि जवळ बसून ऐकावेत. दोन स्पीकर आणि आपलं डोकं असा समभुज त्रिकोण करायचा, बाजू साधारण एक मीटर. वरचा लहान ट्वीटर कानाच्या उंचीला हवा, तोंड आपल्याकडे हवं. स्पीकर कोपऱ्यात कोंबायचे नाहीत. भिंतीजवळ ठेवण्यावाचून इलाज नसेल, तर बऱ्याच मॉनिटरना मागे बेस कमी करायचं बटण असतं, ते वापरायचं. जवळून ऐकलं की स्पीकरचा आवाज आधी आणि जास्त पोहोचतो, भिंतींचा मागून आणि कमी. खोलीचं काय करायचं? वऱ्हाडात राहून हे विचारायचं असतं होय! कापसाची जाड गादी बाजूच्या भिंतीला उभी करा, मागे गोधड्या टांगा, पुस्तकांचं कपाट आत आणा. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी काही होत नाही. गादीनेही खर्जाचा तो सूर फारसा जाणार नाही, पण टाळी वाजवल्यावर येणारा तो पत्र्यासारखा झणकार जाईल. शब्द खातो तो झणकारच.

लहान स्पीकरला नाकं मुरडणाऱ्यांना थोडा इतिहास सांगायला हवा. लंडनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एक स्पीकर तयार करवून घेतला, एलएस३/५ए नावाचा. जेमतेम फूटभर उंच. गाडीत मोठा स्पीकर मावत नाही आणि निवेदकाचा आवाज तर खरा कळायला हवा, ही अडचण. माणसाच्या बोलण्याच्या खरेपणासाठी तो आजही नावाजला जातो. १९७८ साली फिनलंडमध्ये जेनेलेक ही कंपनी सुरू झाली, तीही तिथल्या रेडिओला लहान आणि आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले मॉनिटर हवे होते म्हणून. म्हणजे ज्यांचं पोट शब्दांवर होतं, त्या रेडिओवाल्यांनीच लहान मॉनिटर मागून घेतले.

त्याच १९७८ साली यामाहाने एनएस-१० हा स्पीकर काढला. पांढऱ्या कोनचा, दिसायला छान. काढला होता घरगुती वापरासाठी, पण घरात तो फारसा कुणाला रुचला नाही. त्याचा मधल्या पट्टीतला आवाज टोचणारा आणि बेस बेताचा. पण जगभरच्या स्टुडिओंनी त्याला उचलून टेबलावर ठेवलं. कारण त्याच्यावर बरं वाजलेलं कुठेही बरं वाजे. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी लोक जुने शोधून वापरतात. ऑराटोन तर याहून गरीब. पाच इंचाचा एकच स्पीकर असलेली चौकोनी डबी. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'चे ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडीन यांनी मिक्सिंगचं पुष्कळसं काम या डबीवर ऐकत केलं होतं. तिथे पैशाला तोटा होता का? नव्हता. ती डबी त्यांनी मुद्दाम निवडलेली होती.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आमच्या लहानपणी लग्नात कडुलिंबावर भोंगा बांधत. खर्जातला आवाज त्या भोंग्याला काढताच येत नाही. माणसाच्या बोलण्याची मधली पट्टी तेवढी तो लांब फेकतो. त्याच्यावर प्रल्हाद शिंदे लागले की शिवारात निंदणाऱ्या बायांना शब्दन् शब्द ऐकू यायचा, आणि संध्याकाळपर्यंत पाठही व्हायचा. जुन्या ध्वनिमुद्रिकांत गळा सगळ्यांच्या पुढे असे, वाद्यं त्याच्या मागे. आज ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे? मोबाईल. त्याचा स्पीकर नखाएवढा. खर्ज त्यालाही काढता येत नाही. म्हणजे भोंगा झाडावरून उतरून खिशात आला एवढाच फरक! मग मिक्सिंग करणाऱ्याने खिडक्या हलवून काय मिळवलं? ज्या धम् धम् वर त्याने अख्खं गाणं तोललं, ते मोबाईलवर पोहोचतच नाही. उरतो तो इको आणि त्यात गुदमरलेला गळा.

म्हणून माझं दुसरं म्हणणं, आणि यावर मी जास्त अडून बसणार आहे. एक जोडी पुरत नाही. कितीही खरं बोलणारी असली तरी नाही. दहावीच्या उत्तरपत्रिका आम्ही अमरावती मंडळासाठी तपासायचो. परीक्षकाने तपासल्या की त्या नियामकाकडे जायच्या. परीक्षक खोटा असतो म्हणून नव्हे, तर प्रत्येक नजरेला सवयी असतात म्हणून. स्पीकरचंही तसंच. चांगल्या मॉनिटरच्या शेजारी एक गरीब जोडी ठेवा, कॉम्प्युटरचे जुने प्लॅस्टिकचे स्पीकर चालतील. आणि एक बटण ठेवा, ज्याने क्षणात या जोडीवरून त्या जोडीवर जाता येईल.

क्षणात, हे महत्त्वाचं. वायरी काढून, दुसऱ्या लावून, पाच मिनिटांनी ऐकलं तर तुलना होत नाही. आवाजाची आठवण फार लवकर विटते. आजकालच्या बऱ्याच मॉनिटरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, त्यामुळे आवाजाची बारीक वायर त्यांच्यात जाण्याआधीच बदलता येते. त्यासाठी मॉनिटर कंट्रोलर नावाची छोटी पेटी मिळते. काही ऑडिओ इंटरफेसला दोन जोड्यांची सोय मुळातच असते. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मात्र जपून. आठ ओहमच्या दोन जोड्या एकदम समांतर जोडल्या की अ‍ॅम्प्लिफायरवरचा भार चार ओहमचा होतो, चारच्या जोडल्या तर दोनचा. त्याला ते झेपेल का हे आधी पाहावं. आणि एकाच स्पीकरला दोन अ‍ॅम्प्लिफायर एकदम कधीही जोडू नयेत, दोघांपैकी एकाचा तरी धूर निघेल.

आता या तुलनेतली लबाडी सांगते. दोन जोड्यांपैकी जिचा आवाज किंचित मोठा, तीच कानाला चांगली वाटते. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं! म्हणून आधी दोन्ही जोड्यांची पातळी सारखी करून घ्यायची. पिंक नॉइज म्हणून पावसासारखा एक सपाट आवाज असतो, तो लावा. आपण बसतो तिथे मोबाईलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप धरा. एकेक जोडी वाजवून दोन्हींचा आकडा सारखा येईस्तो बटणं फिरवा. अ‍ॅपचा आकडा अगदी अचूक नसेना का, दोन्हींची तुलना करायला पुरतो. मग पुढची खूण कुणाला तरी बटण दाबायला सांगून डोळे मिटून ऐकण्याची. खोक्याची किंमत दिसली की कान पक्षपाती होतात.

आवाजाची पातळीही बेताचीच ठेवावी. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान केला की आपल्या कानाला खर्ज जास्त वेगाने कमी ऐकू येतो, आणि मोठा केला की तोच खर्ज भरदार वाटतो. म्हणजे मोठ्याने ऐकलं की सगळंच छान वाटतं! शेजारी बसून बोलता येईल इतक्या आवाजात काम करावं. शेवटी अगदी हळू करून पाहावं. कुजबुजीएवढ्या आवाजातही शब्द कळला, तर तो स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीतही कळेल. शिवाय ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास ही कानाची मर्यादा सांगितली जाते. पुढच्या चाळीस वर्षांची भाकर ज्या कानांवर आहे, ते या पोरांनी पंचविशीत गमावू नयेत.

"हेडफोन आहेत ना," असंही एक उत्तर मिळतं. असू देत. खुडखुड, श्वास, माइकला लागलेला धक्का हे सगळं हेडफोनवर छान सापडतं. पण हेडफोनमध्ये उजव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाला मिळत नाही, गळा डोक्याच्या मध्यात येऊन बसतो, आणि इको किती झाला याचा अंदाज चुकतो. तो तिसरा साक्षीदार म्हणून ठीक. पहिला नको.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कुणी पाच जोड्या घेऊन बसेल. काही हौशी मंडळींच्या टेबलावर स्पीकरचं प्रदर्शन असतं. दर मिनिटाला बटण, दर बटणाला वेगळं मत, आणि रात्री बारापर्यंत एक अभंगही पुरा नाही. दहा पंचांची पंचायत झाली की निकाल लागत नाही. काम एकाच जोडीवर करावं. गरीब जोडीवर फक्त तपासायला जावं, दोन मिनिटं ऐकावं, चूक टिपावी, परत यावं. दुरुस्ती मात्र खऱ्या जोडीवर. आणि शेवटी दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एकाच स्पीकरवर ऐकावं, कारण पुष्कळ घरांत ऐकणं असंच होतं. डावी-उजवीकडे पसरवलेला आवाज एकत्र आला की कधी कधी आपल्यालाच खाऊन टाकतो, ते तिथे उघडं पडतं.

या सगळ्यावर माझ्या एका विद्यार्थ्याचं म्हणणं, "बाई, लोकायले दणकाच पाह्यजे." लोकांना विचारलं कधी? त्याचं गिऱ्हाईक म्हणजे वरातीत नाचणारी पोरं, त्यांना दणका हवा असेल. पण घरात बसून ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याने विचारलेलं नाही. ती तक्रारही करत नाहीत. "आमचेच कान गेले बाप्पा," म्हणतात आणि गप्प बसतात. मला खरा राग येतो तो याचा. रेकॉर्डिंग वाईट, आणि दोष मात्र ऐकणाऱ्याच्या वयाला!

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायला मिळू लागल्या. आपल्या गावांतही जात्यावर बसलेल्या शेवटच्या पिढीच्या बाया आज ऐंशीच्या घरात आहेत. गावातल्या पोरांकडे माइक आहे, त्यांच्याकडे ओव्या आहेत. असा योग पुन्हा येणार नाही. अशा वेळी त्या आजीच्या थरथरत्या गळ्यामागे सिंथेसायझर लावून, इको टाकून, दणका वाढवून ठेवलं, तर वीस वर्षांनी हाती काय राहील? दणका तर कुठेही मिळतो. 'माहेर' या शब्दाआधी तिने घेतलेला श्वास परत मिळणार नाही. म्हणून मूळ रेकॉर्डिंग काहीही न करता जसंच्या तसं जपून ठेवा, दोन ठिकाणी ठेवा, आणि जे लोकांना ऐकवाल ते दोन्ही जोड्यांवर तपासून ऐकवा.

पैशाचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी खोलीतल्या गाद्या, कारण त्या घरातच आहेत. मग लहान, खऱ्या मॉनिटरची एक जोडी. मग बटण. गरीब जोडी अडगळीत सापडेलच. सबवूफरचं नाव त्यानंतरही काढू नये.

आणि तुम्ही, माझे नातलग आणि ब्लॉगवाले स्नेही, तुम्हालाही एक काम. पुढच्या वेळी कुणी अभंग किंवा पारायण पाठवलं आणि शब्द कळले नाहीत, तर हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळे होऊ नका. ज्याने रेकॉर्ड केलं त्याला कळवा, की बाबा रे, तिसऱ्या ओवीतला दुसरा चरण ऐकू आला नाही. एवढं नेमकं सांगा. लाल शाईची खूण कुठे हवी ते कळलं की पोरं सुधारतात, हा माझा अनुभव आहे.